माळ्यावरचा जुना ॲल्युमिनियमचा अँटेना लावू, की नवा फायबरचा घेऊ?

कराडच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "काका, माझे मामा जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. त्यांनी ऐंशीच्या सुमारास आणलेला सीबीचा, म्हणजे सर्वसामान्यांच्या बोलण्यासाठीच्या सिटिझन्स बँड रेडिओचा, उभा बेस अँटेना आमच्या माळ्यावर पडून आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, खाली मोठी कॉइल, चार आडव्या काड्या. कंपनीचं नाव पुसलं गेलंय. मल्टीमीटर लावला तर शॉर्ट दाखवतो. मित्र म्हणतात भंगारात घाल आणि फायबरग्लासचा नवा मागव, त्याच्या खोक्यावर ९.९ डीबीआय लिहिलंय. घर चार मजली आहे, मळा आठ किलोमीटरवर. मळ्याशी बोलायचंय, जमलं तर दूरचंही ऐकायचंय. कोणता लावू?"

तो अँटेना भंगारात घालू नकोस, ही पहिली विनंती. शॉर्ट दाखवला म्हणून तर अजिबात नको. त्या काळच्या पुष्कळ उभ्या अँटेनांमध्ये खालची कॉइल ही उभी नळी आणि मास्ट, म्हणजे अँटेना ज्यावर उभा करतात तो पाइप, यांच्यामध्ये थेट जोडलेली असते. मल्टीमीटर डीसीवर मोजतो, त्याला ती कॉइल म्हणजे नुसती तार दिसते, म्हणून शून्य ओहम. २७ मेगाहर्ट्झला मात्र तीच कॉइल वाट अडवून धरते, आणि केबलचा मधला तंतू तिच्यावर जिथे टेकवलेला असतो तिथे साधारण ५० ओहम मिळतात. थोडक्यात, तिथे शॉर्ट दिसणं हे कॉइल अखंड असल्याचं लक्षण आहे.

हे मी इतक्या कळकळीने सांगतो, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. नवा नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळाला होता. मिरजेत एका भंगारवाल्याकडे असाच एक अँटेना दिसला, मीटर लावला, शॉर्ट आला आणि मी तो सोडून घरी आलो. आठवड्याने एका जाणत्या हॅमने कॉइलचं गणित समजावलं. धावत गेलो, तोवर नळ्या तुकडे होऊन वजनावर गेल्या होत्या. तेव्हापासून कुणी "शॉर्ट आहे" म्हणालं की मी आधी कॉइलचा फोटो मागतो.

आता टेप घे आणि उभ्या नळ्यांची एकूण लांबी मोज. नाव पुसलं गेलं तरी लांबीवरून प्रकार कळतो. २७.१२ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ११.०५ मीटर. नळी नऊ फुटांच्या आसपास भरली तर अँटेना पाव तरंगाचा, सतरा-अठरा फूट भरली तर अर्ध्या तरंगाचा, बावीस-तेवीस फूट भरली तर पाच-अष्टमांशाचा. चार काड्या आणि मोठी कॉइल म्हणतोयस, त्यावरून मला तो पाच-अष्टमांश वाटतो. हाय-गेन कंपनीचा पेनिट्रेटर हा त्या प्रकारातला गाजलेला अँटेना. तुझा तोच असेल असं नाही, पण तत्त्व तेच.

त्या पिढीच्या अँटेनांची एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झवर सीबीची सोय झाली तेव्हा चॅनल २३ होते, २६.९६५ ते २७.२५५ मेगाहर्ट्झ. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकवाल्यांमुळे सीबी घराघरांत गेला आणि १ जानेवारी १९७७ पासून चॅनल ४० झाले, पट्टा २७.४०५ पर्यंत वाढला. त्याआधीच्या आराखड्याचा अँटेना वरच्या चॅनलांवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा, चढवतो, म्हणून तिकडचे लोक त्याला नावं ठेवतात. आपल्याकडे सीबीसाठी परवानामुक्त ठेवलेला पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढाच आहे, म्हणजे त्यांच्या चॅनल २७ पर्यंत. तिथे ज्याला दोष म्हणतात तो आपल्या पट्ट्याबाहेर पडतो. जुना अँटेना आपल्या मापाने शिवल्यासारखा बसतो.

आणखी एक समजूत आधी दूर करू. जुना म्हणजे ॲल्युमिनियम आणि नवा म्हणजे फायबर अशी वाटणी नाही. शेक्सपियर कंपनीचा बिग स्टिक हा अर्ध्या तरंगाचा फायबरग्लासचा अँटेना सत्तरच्या दशकातच घरांवर होता, आणि इटलीची सिरिओ कंपनी अलीकडेही ८२७ सारखे ॲल्युमिनियमचे पाच-अष्टमांश बनवत आली आहे. तेव्हा साल बाजूला ठेव. विचार करायचा तो तीन गोष्टींचा: लांबी किती, वीज आत कुठून भरली जाते, आणि धातूला धातू किती ठिकाणी जोडला आहे.

आता त्या ९.९ डीबीआयकडे येऊ. डीबी हे शक्तीच्या पटीचं माप, तीन डीबी म्हणजे दुप्पट, सहा म्हणजे चौपट. डीबीआय म्हणजे सगळ्या दिशांना सारखी शक्ती फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत. मोकळ्या आकाशात, जमिनीपासून दूर, अर्ध्या तरंगाच्या साध्या डायपोलचा, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांचा, लाभ २.१५ डीबीआय असतो. हे पाठ्यपुस्तकातलं गणित आहे, कुठली कंपनी ते बदलू शकत नाही. एकाच उभ्या दांड्याने चहूबाजूंना सारखी शक्ती फेकायची असेल तर लांबी वाढवून त्यात थोडीच भर पडते. मग मोठे आकडे येतात कुठून? जमिनीवरून परावर्तित झालेला तरंग थेट तरंगाला साथ देतो तेव्हा एखाद्या कोनात सहा डीबीपर्यंत भर पडू शकते. ती धरली की आकडा आठाच्या वर जातो. पण ती भर जमिनीची देणगी आहे. मामांच्या अँटेनाला ती मिळेल, नव्याला मिळेल, बांबूवर बांधलेल्या तारेलाही मिळेल. खोक्यावर छापली म्हणून ती त्या खोक्यातल्या मालाची होत नाही.

मग पाच-अष्टमांश आणि अर्धा तरंग यांत खरा फरक किती? आदर्श जमिनीवर पाच-अष्टमांश हा पाव तरंगापेक्षा तीन डीबीने सरस असं पुस्तकात दिलेलं असतं. छतावरच्या मास्टवर, तीन-चार आखूड रेडियलांवर (तुझ्या त्या आडव्या काड्या) तो अर्ध्या तरंगापुढे एखाद-दीड डीबीच काढतो, तोही खालच्या कोनात. सेटवर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरची एक खूण म्हणजे सहा डीबी. मी माझ्या छतावर जुना ॲल्युमिनियमचा पाच-अष्टमांश आणि फायबरचा अर्धा तरंग एकाच उंचीवर, एकमेकांपासून लांब उभे करून, दोन्हीला सारखी केबल जोडून, स्विच फिरवत कितीतरी संध्याकाळी ऐकलं आहे. तासगावकडचा ओळखीचा आवाज असो की सूर्य तापलेला असताना आकाशातून येणारं परदेशी स्टेशन, काटा क्वचितच हलल्यासारखा वाटायचा. दूरच्या क्षीण स्टेशनावर मात्र कधीकधी पाच-अष्टमांशावर शब्द सुटे ऐकू यायचे आणि दुसऱ्यावर नुसती कुजबुज. तो फरक खरा आहे. पण त्यासाठी कुणी हजारो रुपये घालावेत असं मला वाटत नाही.

उंची आणि केबल यांचा फरक मात्र डोळ्यांत भरतो. जमिनीवरून जाणाऱ्या सिग्नलच्या बाबतीत अँटेनाची उंची दुप्पट केली की सहा डीबीपर्यंत फायदा होतो, म्हणजे चौपट शक्तीच्या तोडीचा. तुझं छत साडेबारा मीटर धरलं आणि त्यावर तीन-साडेतीन मीटरचा पाइप, तर अँटेनाचा पाया सोळा मीटरवर गेला. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. तुझं सोळा-साडेसोळा किलोमीटर, त्यात मळ्यावरच्या सेटचं सातेक. मळा आठ किलोमीटरवर आहे. मधे आगाशिवसारखा डोंगर आडवा येत नसेल तर तिथवर दोन्हींतला कुठलाही अँटेना आरामात पोचेल. खाली नदीच्या अंगाने पेठ नाक्याकडेही उघडं आहे. पाटणच्या बाजूला डोंगर उठतात, तिकडे अँटेना बदलून काही होणार नाही.

केबलचं तर लोक विचारतच नाहीत. आरजी-५८ ही बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला शंभर फुटांत अडीच डीबीच्या आसपास खाते. पाच वॉट आत घातलेस तर वर तीन वॉटही पोचत नाहीत. आरजी-२१३ या जाड केबलने जवळपास चार पोचतात. म्हणजे अँटेना-अँटेनांतल्या ज्या एक-दीड डीबीसाठी एवढा वाद, तो केबलमध्ये पडून आहे. ऐकताना हा तोटा तितका जाणवत नाही, कारण २७ मेगाहर्ट्झवर बाहेरचा गोंगाटच मोठा असतो, केबल सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी करते. बोलताना मात्र तो पुरा भरावा लागतो. डिश टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची आहे, तिच्यामुळे एसडब्ल्यूआर दीडच्या आसपास दिसू शकेल, पण दीड म्हणजे फक्त चार टक्के शक्ती परत. खिसा आडवा येत असेल तर आरजी-५८ पेक्षा मी ती पसंत करतो, फक्त दोन्ही टोकांचे जोड नीट करावे लागतात.

एसडब्ल्यूआरवरून अँटेनाची परीक्षा करू नकोस, हेही इथेच सांगतो. दोनला अकरा टक्के परत येतात, तीनला पंचवीस. हा आकडा फक्त किती परत आलं ते सांगतो, किती हवेत गेलं ते नाही. पाणी शिरून सडलेली लांब केबल काय झकास एक पॉइंट एक दाखवते! शक्ती वर पोचायच्या आत जिरते आणि परत येताना उरलेली जिरते, मीटरला वाटतं सगळं उत्तम. छतावरचा अँटेना गंजून गेलेला असताना वर्षानुवर्षं समाधानी राहिलेली माणसं मला ठाऊक आहेत.

आता जोडांविषयी, कारण जुन्या अँटेनाचं खरं मरण तिथे असतं. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. नळीत नळी सरकवलेल्या सहा-सात जोडांपैकी प्रत्येक ठिकाणी हा थर आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा ओलावा. वारा आला की जोड क्षणभर लागतो, क्षणभर सुटतो, सेटमध्ये चरचर होते आणि एसडब्ल्यूआरचा काटा थरथरतो. मिरजेत तंबोरे जुळवणाऱ्यांच्या हाताखाली थोडं बसलास तर कळेल, खुंटी घट्ट बसत नसेल तर तार कितीही पिळा, सूर उतरतोच. अँटेनाचा जोड ही ती खुंटी आहे.

म्हणून असं कर. उघडण्याआधी प्रत्येक जोडावर करवतीच्या पात्याने बारीक खूण कर आणि फोटो काढ, मामांनी ट्यून केलेल्या लांब्या त्या खुणांत जपल्या जातील. जुन्या क्लिपा सोडव. नळ्या अडकल्या असतील तर हातोडी मारू नकोस, नळी चेपली की संपलं. गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू दे, मग बाहेरच्या नळीवर उकळतं पाणी ओत. बाहेरची नळी आधी तापून फुगते, तेवढ्यात पिळून ओढ. बाहेरून आणि आतून बारीक पॉलिश पेपरने धातू उजळेपर्यंत घास, फडक्याने कोरडं पूस आणि लगेच, ऑक्साइड पुन्हा बसायच्या आत, वायरमन ॲल्युमिनियम केबलच्या लगला लावतात ती पेस्ट पातळ थराने लाव. क्लिपा नव्या स्टेनलेसच्या घे. तांब्याची तार ॲल्युमिनियमवर थेट आवळू नकोस, मध्ये स्टेनलेसचा वॉशर ठेव, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथे पांढरी भुकटी दिसेल.

कॉइल काळवंडलेली असेल तर घाबरू नकोस, पण केबलचा तंतू तिच्यावर जिथे जोडलाय तो बिंदू खरवडून पाहा. सोल्डर फुटलेलं असेल तर पुन्हा कर, आणि बिंदू मात्र एका मिलिमीटरनेही हलवू नकोस. पायाशी इन्सुलेटर असेल, बहुधा बेकेलाइट किंवा जुनं प्लास्टिक. त्याला बारीक तडे गेले असतील तर तेवढा भाग नवा करून घे. तासवडे एमआयडीसीत लेथवाला शोध, एचडीपीई या प्लास्टिकच्या दांड्यातून तो काही वेळात काढून देईल. नायलॉन नको, ते पाणी शोषतं. खालचं केबलचं सॉकेट सरळ बदल. चाळीस वर्षांच्या सॉकेटवर मी कुणाचाच विश्वास ठेवत नाही. प्लग लावून झाला की सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप खालून वर गुंडाळ, म्हणजे पाणी पदरांवरून ओघळून जातं, आत शिरत नाही. त्यावर साधी इन्सुलेशन टेप.

फायबरच्या अँटेनाला हे सगळं करावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आत तांब्याची तार किंवा पट्टी, बाहेर काचतंतूंचं कवच, दोन किंवा तीन तुकडे एकमेकांत फिरवले की काम झालं. सोलारकॉन कंपनीचा ए-९९ हा साडेसतरा फुटांच्या आसपासचा, तीन तुकड्यांचा, असाच फायबरचा. आयमॅक्स २००० चोवीस फुटांचा. वाऱ्यात वाकतो आणि परत सरळ होतो, ॲल्युमिनियमची नळी एकदा वाकली की वाकलीच. पावसाचे भारित थेंब उघड्या धातूवर आपटून जी सळसळ ऐकू येते ती कवचामुळे बरीच कमी होते. कोयनानगर, मेढा, महाबळेश्वर या बाजूला कुणी विचारलं तर मी फायबरच सुचवतो. तिथल्या पावसात सहा जोड कोरडे ठेवणं म्हणजे दर वर्षी शिडी लावणं. उलट जत, आटपाडी, माणच्या उन्हात फायबरचं वरचं रेझिन झिजतं, काचतंतू उघडे पडतात आणि हात लावला की बोटांत कुसळासारखे शिरतात. तिथे लावायचाच असेल तर दर दोन-तीन वर्षांनी वार्निशसारखा पारदर्शक थर द्यावा लागतो, आणि तो देताना हातमोजे. चाळकेवाडीच्या पठारासारख्या, पवनचक्क्या उभ्या राहतात अशा जागी फायबर सतत डोलतो आणि जोडाची पितळी वाटी ढिली होते. वळवाच्या वाऱ्यानंतर वरचा तुकडा नुसत्या आतल्या तारेवर लोंबत असलेला मी स्वतः उतरवला आहे.

फायबरचा जो दोष खोक्यावर लिहिलेला नसतो तो वेगळाच. अर्ध्या तरंगाला खालच्या टोकातून वीज भरायची तर तिथे हजारो ओहम असतात, म्हणून पायात कॉइल-कंडेन्सरची जुळणी बसवतात. त्याला रेडियल नसतात. पण वीजप्रवाहाला परतीची वाट लागतेच, आणि रेडियल नसले की तो केबलच्या बाहेरच्या जाळीवरून परततो. मग केबलच अँटेनाचा भाग होते. शेजारच्यांच्या स्पीकरमधून तुझा आवाज, तुझ्या माइकला ओठ लागले की चटका, आणि घरातला सगळा गोंगाट त्याच जाळीवरून वर चढून सेटमध्ये. लोक म्हणतात नवा अँटेना जास्त ऐकू येतो. काय जास्त ऐकू येतं ते नीट ऐका! अँटेनाच्या अगदी पायाशी, चार इंची पीव्हीसी पाइपवर केबलचे सहा-सात वेढे एकाला एक लागून गुंडाळले की हा प्रवाह बराचसा थांबतो. हे काम मी फायबरच्या प्रत्येक अँटेनाला करतो, आणि खरं सांगायचं तर रेडियल असलेल्या जुन्यालाही करतो. सिरिओच्या गेन-मास्टरमध्ये केबल आतूनच मध्यापर्यंत नेऊन तिथे वीज भरली आहे. नव्या रचनांपैकी मला मनापासून आवडलेली ती एक, कारण तिथे दुखण्यावर विचार केलेला दिसतो.

गोंगाटाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मामांच्या काळात आणि तुझ्या काळात खरा फरक पडला तो इथे. आपला सीबीचा पट्टा, २६.९५७ ते २७.२८३, हा जगभर उद्योग आणि वैद्यकीय उपकरणांसाठीही राखलेला आहे, मध्यबिंदू २७.१२. फिजिओथेरपीतलं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्र नेमकं इथेच चालतं. मिरज दवाखान्यांचं गाव. सकाळी दहानंतर माझ्या सेटवर चॅनल तेरा-चौदाच्या आसपास एक घोगरा गुणगुणाट सुरू व्हायचा, थोडा वेळ टिकायचा, बंद व्हायचा, पुन्हा सुरू. बरेच दिवस मी सेट उघडून शोधत बसलो होतो. शेवटी वेळा लिहून काढल्या तेव्हा कळलं की त्या दवाखान्यांच्या वेळा आहेत. कुणाचं दुखणं बरं होत असेल तर त्यावर तक्रार नाही, मी चॅनल बदलतो. पण एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर, तडकलेले ११ केव्हीचे इन्सुलेटर, हे सगळे घरांच्या पातळीवर गोंगाट ओततात. उभा अँटेना तो आडव्यापेक्षा जास्त उचलतो. उपाय एकच, अँटेना घरापासून शक्य तितका वर आणि बाजूला, आणि केबलला ते वेढे.

मास्टसाठी दीड-दोन इंची जाड जीआय पाइप घे, पाण्याच्या टाकीच्या आधाराला बांधू नकोस, टाकी भरली-रिकामी झाली की तो आधार हलतो. ताणाच्या तारा, टर्नबकल, क्लॅम्प यासाठी तासगावला जा. द्राक्षबागांच्या मांडवाचं सामान विकणारी दुकानं आहेत तिथे, तार ताणायचं ज्ञान त्यांच्याइतकं कुणाला नाही, आणि वाऱ्या-गारपिटीत काय टिकतं हे ते अनुभवाने सांगतात. लोखंडी तार फक्त मास्टला. अँटेनाच्या उभ्या भागाला आधार द्यायचा झाला तर उन्हात टिकणारी दोरी, धातू नको.

उभा करताना एक गोष्ट जिवाची आहे. अँटेना आणि मास्टच्या एकूण लांबीच्या दुप्पट अंतरात विजेची लाइन असेल तर तिथे उभा करायचाच नाही. बावीस फुटांची नळी हातातून सुटली की कुठे पडेल ते आपल्या हातात नसतं. या एका चुकीने इतके जीव गेले की अमेरिकेत १९७८ पासून सीबीच्या बेस अँटेनासोबत विजेच्या तारांचा इशारा देणं सक्तीचं झालं. एकटा चढू नकोस, तीन माणसं हवीत. मास्टला स्वतंत्र अर्थिंग दे, आणि एप्रिल-मे मध्ये वळीव जमू लागला की केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेव. मामांचा अँटेना डीसीला जमिनीशी जोडलेला आहे, त्यामुळे हवेतला भार साचत नाही, तो हळूहळू जमिनीत जातो. पण थेट वीज पडली तर कुठलाच अँटेना वाचवत नाही.

ट्यूनिंगसाठी, कुठल्या फ्रिक्वेन्सीला एसडब्ल्यूआर किती ते पडद्यावर दाखवणारं, नॅनोव्हीएनए नावाचं छोटं यंत्र मिळतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत असेल तर उत्तमच. मामांच्या वेळी हे नव्हतं. आधी छतावर दोन-तीन मीटरवर उभा करून एसडब्ल्यूआर सर्वांत कमी कुठे आहे ते पाहा. खाली, म्हणजे २७ च्या आत असेल तर वरची नळी आत सरकव. पाच-अष्टमांशात अडीच सेंटिमीटरला साधारण १०० किलोहर्ट्झ सरकतात. पूर्ण उंचीवर गेल्यावर जागा थोडी बदलेल, पुन्हा एकदा उतरवायची तयारी ठेव.

आणि हे सगळं करण्याआधी एका रविवारी अगदी स्वस्तातलं काम कर. २.६३ मीटरच्या दोन तारा घे, एक वर, एक खाली, बांबूला बांध, मधोमध केबल जोड, वेढे घाल आणि केबल बांबूपासून आडवी लांब ने. हा अर्ध्या तरंगाचा उभा डायपोल. याच्यापेक्षा मामांचा अँटेना कमी ऐकत असेल तर दुरुस्ती अपुरी आहे. आणि कुठलाही विकतचा अँटेना याच्यापेक्षा सात डीबी जास्त देतो असं म्हणणाऱ्याला हा शेजारी लावून दाखव.

कायद्याचंही सांगतो. वर सांगितलेल्या पट्ट्यात कमी शक्तीच्या, पाच वॉटपर्यंतच्या सेटला परवान्यातून सूट आहे, तीही दुसऱ्यांना अडथळा न करण्याच्या अटीवर. शक्ती वाढवणारा ॲम्प्लिफायर जोडायचा विचारही नको. छतावर कायमचा बेस उभारून दूरवर बोलायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की हॅमची परीक्षा दे. तू इंजिनिअरिंगला आहेस, अभ्यास जड जाणार नाही. परवाना हातात आला की हाच अँटेना सुमारे एक फुटाने आखूड कर, तो २८.४ मेगाहर्ट्झवर, दहा मीटरच्या हॅम पट्ट्यात येईल. परवाना नसताना मात्र तिथे फक्त ऐकायचं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, वीज गेली, मोबाइलची रेंज जात-येत होती, तेव्हा छतावरचा अँटेना आणि १२ व्होल्टची बॅटरी एवढंच माझ्याकडे चालू होतं. तेव्हापासून घरावर एक नीट उभा केलेला अँटेना असणं मी चैन समजत नाही.

तेव्हा तुझ्यासाठी, कराडच्या हवेसाठी आणि त्या छतासाठी: मामांचा लाव. नव्याचे पैसे आरजी-२१३ केबल, स्टेनलेस क्लिपा आणि पाइपात घाल. कॉइल आतून जळालेली निघाली किंवा नळ्यांना चुण्या पडलेल्या असतील, तरच फायबरचा घे, आणि तेव्हाही चोवीस फुटी नको, अर्ध्या तरंगाचा पुरे. आता उभ्या नळ्यांची एकूण लांबी, काड्यांची लांबी आणि कॉइलचे वेढे मोजून पाठव, जमलं तर केबल जोडलेल्या बिंदूचा जवळून काढलेला फोटोही. त्यावरून जुळणी कशी आहे ते कळेल, मग सॉकेट कुठून सोडवायचं ते सांगतो.